नोटरीवर घेतलेले दोन गुंठे

शहराच्या हद्दीला लागून असलेलं गाव, दोन गुंठ्यांचा तुकडा, भाव दहा लाख. एजंट जागा दाखवायला शक्यतो रविवारीच नेतो. फक्कीने आखलेले चौकोन, कोपऱ्यांना सिमेंटचे खांब, मुरूम टाकलेला रस्ता, सगळं तयार असतं. त्या दिवशी तलाठी आणि तहसील कार्यालय बंद, म्हणजे टोकन (बयाणा) देण्याआधी कुणाला विचारायची सोय नाही.

‘खरेदी’ होते ती पाचशेच्या स्टॅम्पवर. दोन-तीन पानांचं ‘साठेखत व ताबा पावती’, सोबत कुलमुखत्यारपत्र, म्हणजे मालकाच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद. शेवटच्या पानावर लाल गोल शिक्का, नोटरीची तिकिटं, दोघांचे फोटो आणि एक अनुक्रमांक. घेणारा या अनुक्रमांकालाच भुलतो. ‘रजिस्टर नंबर पडला’ म्हणून पेढे वाटले जातात. ते रजिस्टर नोटरीच्या टेबलावरचं असतं, दुय्यम निबंधकाचं, म्हणजे सरकारी नोंदणी कार्यालयाचं नव्हे. नोटरी एवढंच सांगतो, की या माणसाने माझ्यासमोर सही केली. जमीन गहाण आहे का, बहिणींचा हिस्सा सुटला आहे का, हे त्याने पाहिलेलं नसतं.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ५४ स्पष्ट आहे: शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची जमीन नोंदणीकृत खरेदीखतानेच विकली जाते. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार, त्याने मालकी येत नाही. मुखत्यारपत्राने तर नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात हेच बजावलं. शिवाय मुखत्यारपत्र देणारा शेतकरी वारला, की सहसा ते पत्रही संपतं. मुलं दारात येऊन म्हणतात, ‘वडिलांनी काय लिहून दिलं आम्हाला माहीत नाही.’

‘रजिस्ट्री का नाही?’ असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘सध्या बंद आहे, एनए (बिगरशेती) झालं की करून देतो.’ यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते पटतं. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत (ठरवून दिलेल्या किमान) क्षेत्राखालचा शेतजमिनीचा तुकडा विकता येत नाही. २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र बागायतीला दहा आणि जिरायतीला वीस गुंठे आहे. शेतजमीन घ्यायला घेणाराही शेतकरी लागतो, ही अडचण वेगळीच. शहरी पट्ट्यासाठी अलीकडे तुकडेबंदीत सवलती आल्या, तेव्हापासून एजंटांची भाषा ‘आता सगळं रेग्युलर होणार’ अशी झाली आहे. तो विशिष्ट गट (क्रमांक असलेला जमिनीचा तुकडा) त्यात बसतो का, हे तहसीलमधून लेखी घ्या. एजंटाच्या मोबाईलवरचा शासन निर्णय वाचून पैसे देऊ नका.

पुढे वीजमीटर येतो, ग्रामपंचायत घरपट्टी लावते, नमुना आठचा उतारा मिळतो. लोक हे कागद प्लास्टिकच्या फाईलमध्ये जपून ठेवतात. पण तो उतारा कर आकारणीचा आहे, मालकीचा नाही. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचंच राहतं, आणि त्याने तोच गट उद्या तिसऱ्याला नोंदणीकृत खरेदीखताने दिला, तर नोटरीवाल्याचा दावा फार लंगडा पडतो. ‘ताबा आमचा आहे’ हा आधारही, २००१ च्या दुरुस्तीपासून, करार नोंदवलेला असेल तरच मिळतो.

टोकन देण्याआधी गट नंबर मागा. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत ऑनलाइन निघतो. त्यात नावाच्या आधी ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा: सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कूळ, न्यायालयाचा मनाई हुकूम तिथे सापडतात. भोगवटादार वर्ग २ (सरकारी अटी असलेली जमीन) दिसला तर सक्षम महसूल अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री नाही. मग फेरफारांचे (हक्क बदलल्याच्या नोंदींचे) क्रमांक घेऊन वारसनोंदीचा फेरफार काढा आणि मुली मोजा. वारसनोंदीत तीन बहिणी आणि करारावर सही एकट्या भावाची, असं असेल तर तिथूनच मागे फिरा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच गटाची सूची २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) पाहिली, की आधी कुणाला काय विकलंय ते कळतं. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतात तो याचसाठी.

पैसे बँकेतूनच द्या. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड आहे. तरी एजंट ‘सहा रोख, चार चेकने’ म्हणतो, कारण वाद झाला की कागदावर चारच लाख राहतात.

जे आधीच अडकले आहेत त्यांनी मूळ कागद ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती देऊ नये. नोंदणी नसलेला करारही विशिष्ट अंमलबजावणीच्या, म्हणजे करार पाळायला लावण्याच्या, दाव्यात पुरावा म्हणून दाखवता येतो. मात्र त्यात ताबा दिल्याचं लिहिलेलं असेल तर खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क लागतं, वर फरकावर दरमहा दोन टक्के दंड. ते दोन्ही भरल्याशिवाय न्यायालय कागद वाचत नाही. पोलिसांकडे ‘हा दिवाणी वाद’ असं ऐकायला मिळेल. तोच तुकडा दोघांना विकल्याचं कागदावर दिसत असेल, तर तक्रारीत भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ (फसवणूक) लिहा आणि दोन्ही करारांच्या प्रती जोडा.

आणि तारखा बघा. करारात ‘खरेदीखत सहा महिन्यांत’ लिहिलं असेल, तर दाव्याची तीन वर्षांची मुदत ते सहा महिने संपल्यापासून धावते. ‘दिवाळीनंतर बघू’ असं एजंट तीन दिवाळ्या म्हणतो, ते उगाच नाही.