इंडक्शन की इन्फ्रारेड: विजेची शेगडी कोणती घ्यावी?

दुकानात दोन्ही शेगड्या शेजारीशेजारी मांडलेल्या असतात. वर तशीच काळी काच, तशीच बटणं, वॅटही बहुतेकदा 2000च्या आसपास. आतला कारभार मात्र अगदी निराळा.

इंडक्शनमध्ये काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातल्या विजेची दिशा सेकंदाला 20,000हून जास्त वेळा बदलते, आणि तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे थेट भांड्याचं बूडच तापतं. इन्फ्रारेडमध्ये काचेखालची तार लालबुंद होते. आपल्याला दिसते ती लाली, पण तिच्यातून निघणाऱ्या ऊर्जेचा बराच मोठा भाग न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. विल्यम हर्शेलने 1800 साली लोलकातून आलेल्या रंगपट्ट्यात लाल रंगाच्या पलीकडे थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला, तेच हे किरण. चुलीतल्या निखाऱ्याची धग म्हणजे हेच, त्यामुळे ‘किरणांमुळे अन्न बिघडेल का’ ही धास्ती सोडा.

खरा प्रश्न भांड्यांचा. घरातल्या भांड्यांच्या बुडाला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर इंडक्शनवर चालेल. बिडाचा तवा चालतो. ॲल्युमिनियमचा जुना कुकर, पितळी पातेलं, मातीचं भांडं साध्या इंडक्शनवर चालत नाही. इन्फ्रारेडला धातूशी काही देणंघेणं नाही, मातीचं भांडंही हळूहळू तापवलं तर चालतं. फक्त बूड सपाट हवं. काळपट बूड हे किरण चांगले शोषतं, चकचकीत स्टील बरेचसे परतवतं. भाकरी तव्यावरून काढून जाळीवर फुगवायची किंवा पापड भाजायचा, तर इन्फ्रारेडच. इंडक्शनवर ती हौस विसरा.

दुधाच्या बाबतीत पारडं फिरतं. इंडक्शन बंद केली की उष्णता तिथेच थांबते, वर आलेली साय खाली बसते. इन्फ्रारेडची तार आणि काच बंद केल्यावरही तापलेली राहतात, आणि दूध तेवढ्यात ओट्यावर येतं. पातेलं उचलूनच बाजूला ठेवावं लागतं. सांडलेलं काचेवर करपतं. गुळाचा पाक सांडला तर तो काचेला चिकटून तिचा पृष्ठभागच खराब करू शकतो, म्हणून चिक्की-लाडवांचा पाक करताना जपून.

बिलात फरक आहे, पण जाहिरातीत वाटतो तेवढा नाही. इंडक्शनची साधारण 85 टक्के ऊर्जा भांड्यात पोचते, इन्फ्रारेडची त्याहून कमी. दिवसाला दोन चहा आणि एक कुकर एवढाच वापर असेल, तर निव्वळ या फरकासाठी सगळी भांडी बदलणं मला तरी पटत नाही.

घरात रांगतं मूल असेल तर मात्र मी डोळे झाकून इंडक्शन घेईन. तिची काचही भांड्यामुळे तापते, पण इन्फ्रारेडइतकी नाही. घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल, तर इंडक्शन घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

दोन्हींपैकी काहीही घेतलं तरी 2000 वॅटची शेगडी जवळपास 9 अँपिअर वीज ओढते. ओट्याजवळ 16 अँपिअरचा सॉकेट नसेल, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. आणि स्वयंपाक झाल्यावर लगेच मेन स्विच बंद करू नका, आतला पंखा थांबू द्या.