टीसीएल, लिक्विड क्लोरीन की मडकं? घरच्या विहिरीला काय बरं पडतं

पाऊस सुरू झाला की आमच्या कोकणात विहिरीचं पाणी चार-आठ दिवस तांबडं येतं, आणि मग घरोघरी तोच प्रश्न, विहिरीत टाकायचं काय. आमच्याकडे सगळे प्रकार करून झालेत म्हणून लिहितोय.

आधी विहिरीत पाणी किती आहे ते काढा, नाहीतर पुढचं सगळं अंदाजपंचे. दोरीला दगड बांधून तळाला सोडायचा, जेवढी दोरी ओली तेवढं पाणी. मग व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला 785 ने गुणलं की लिटर आले. आमची विहीर 3 मीटर रुंद, पाणी 4 मीटर, म्हणजे साधारण 28,000 लिटर.

टीसीएल म्हणजे ग्रामपंचायत वापरते तीच ब्लीचिंग पावडर. ताजी असली तर तिच्यात 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, आणि नेहमीच्या पाण्याला 1000 लिटरमागे अडीच ग्रॅम, म्हणजे आम्हाला 70 ग्रॅम, खर्च जवळपास नाहीच. पण ही पावडर ओल धरते, मागच्या वर्षीची उघडी पिशवी काढलीत आणि गोळे झालेत, नाकाला झोंबत पण नाही, तर ती मेलेली पावडर, टाकून उपयोग शून्य. आणि वरून कोरडी भुरभुरायची नाही हो! प्लॅस्टिकच्या बादलीत लगदा करायचा, पाणी घालून ढवळायचं, 10 मिनिटं ठेवलं की चुना खाली बसतो, वरची निवळी तेवढी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोरीने पाण्याखाली सोडायची आणि चांगली हिसळायची. मी पहिल्या वर्षी घाईत चुन्यासकट ओतलं होतं, मग आठवडाभर घरचे चहाला नावं ठेवत होते.

लिक्विड म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. 5 टक्क्यांचं असलं तर आमच्या 28,000 लिटरला साधारण अर्धा लिटर लागतं. चुन्याची भानगड नाही, घरात एकट्या वयस्कर माणसाला पण जमतं. पण महाग पडतं, उन्हात-उकाड्यात ठेवलं की लवकर उतरतं, आणि फरशीवाली सुगंधी बाटली विहिरीत अजिबात नाही.

मडक्याची पद्धत नागपूरच्या नीरीची, म्हणजे तिथल्या पर्यावरण संशोधन संस्थेची. मडक्यात मडकं, दोघांना बारीक भोक, आतल्यात 1 किलो पावडर आणि 2 किलो जाडी वाळू ओली करून, आणि पाण्याखाली मीटरभर सोडून द्यायचं, क्लोरीन हळूहळू झिरपत राहतो. 2-3 आठवडे बघायला नको. पण हा हिशेब 4500 लिटरच्या छोट्या विहिरीचा आणि रोज 400 लिटरच्या आसपास उपशाचा आहे, त्यामुळे आमच्या विहिरीला एका मडक्याने काही होत नाही.

लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, आमच्या आत्याचा अजून त्यावरच विश्वास. पाणी गुलाबी होतं, समाधान मिळतं, पण सगळ्या जंतूंवर भरवसा ठेवण्यासारखं ते नाही. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत.

माझं मत विचाराल तर मोठ्या विहिरीला ताजी टीसीएल, छोटी विहीर आणि रोजचा सारखा उपसा असेल तर मडकं, कोणी करणारं नसेल तर लिक्विड. काहीही निवडा, रात्री शेवटचा पंप झाल्यावर घाला, आणि तासाभराने तरी ओटी टेस्ट करा, म्हणजे थोडं पाणी नळीत घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन उरलाय का बघा, ते पाणी पिवळं झालं नाही तर डोस कमी पडलाय. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, त्यामुळे पहिल्या पावसात दुसऱ्यांदा घालावं लागतंच. विहिरीत काही मरून पडलं असेल तर मात्र आधी पूर्ण उपसा, मग औषध.

आणि डासांसाठी गप्पी मासे सोडले असतील तर ते पिण्याच्या विहिरीत नकोत, क्लोरीन त्यांना सोसत नाही, आमचे सगळे एका रात्रीत वर आले होते.