कुनित्सु-गामी की ओकामी: आधी कोणता घ्यायचा?

दोन्ही व्हिडिओ गेम कॅपकॉम या जपानी कंपनीचे. दोन्हींत तोरी म्हणजे जपानी देवळापुढच्या कमानी, काळ्या विटाळाखाली गाडली गेलेली गावं आणि तो विटाळ फेडणारं दैवत. दुकानातली चित्रं पाहिली तर एकाच माळेचे मणी वाटतात. खेळायला बसलं की मात्र वेगळेपण लगेच कळतं. 'कुनित्सु-गामी: पाथ ऑफ द गॉडेस'मध्ये ऊन कलायला लागलं की जीव खालीवर होतो, कारण अंधार पडताच कमानीतून भुतावळ बाहेर पडणार असते. 'ओकामी एचडी'मध्ये अंधार पडला तर कुंचला उचलायचा, आभाळात एक गोल काढायचा, की उजाडलं. एका गेममध्ये सूर्य तुम्हाला पळवतो, दुसऱ्यात तुम्ही सूर्याला. कोणता घ्यायचा हे ठरवताना चित्रशैलीपेक्षा हा फरक जास्त कामाला येतो.

नावांतही तो दडलेला आहे. जपानच्या शिंतो धर्मपरंपरेत देवांचे दोन गट मानतात: आकाशातले अमात्सुकामी आणि भूमीवरचे कुनित्सुकामी. ओकामीची नायिका अमातेरासु ही सूर्यदेवी, म्हणजे आकाशातल्या देवांत अग्रमानाची. शिवाय जपानीत 'ओकामी' या उच्चाराचे 'लांडगा' आणि 'महादेवता' असे दोन्ही अर्थ निघतात, म्हणून ती इथे पांढऱ्या लांडग्याच्या रूपात येते. कुनित्सु-गामी डोंगर सोडून कुठे जात नाही. काफुकु डोंगर विटाळलाय, योशिरो नावाची पुजारीण तो शुद्ध करत खाली उतरतेय आणि तिचा रक्षक सोह, म्हणजे तुम्ही, तलवार घेऊन पुढे आहात.

दिवसा रस्ता, रात्री राखण

कुनित्सु-गामी २०२४च्या जुलैमध्ये आला. तलवारबाजी आणि व्यूहरचना यांचं हे मिश्रण ऐकायला सोपं वाटतं, पण ते जमून येतं एकाच गोष्टीमुळे: स्फटिक. दिवसा सोहने गावभर फिरून विटाळाच्या गाठी फोडायच्या, त्यात अडकलेले गावकरी सोडवायचे आणि स्फटिक गोळा करायचे. हेच स्फटिक दोन ठिकाणी लागतात. गावकऱ्याला मुखवटा देऊन कामाला लावायचं तर स्फटिक, आणि योशिरोला कमानीपर्यंत जायला वाट आखायची तरी स्फटिकच. ती त्या वाटेवरून नाचत, तिच्या संथ लयीत चालते. तिला घाई करता येत नाही.

नवा खेळाडू इथेच फसतो. पहिल्या दिवशी हातातले सगळे स्फटिक मुखवट्यांवर उधळले, रात्र झकास निभावली आणि सकाळी बघतो तर योशिरो होती तिथेच. मग एक रात्र वाढते, आणि पुढची रात्र आधीच्या रात्रीपेक्षा जड असते. उलट चूकही तितकीच नेहमीची: सगळे स्फटिक वाटेवर घातले, योशिरो लांब गेली आणि सूर्य बुडाला तेव्हा ती उघड्या चौकात, चारी बाजूंनी येणाऱ्यांच्या तावडीत. म्हणून सकाळीच नकाशा उघडून कमानी कुठे आहेत ते पाहा, रात्री योशिरोला कुठे थांबवायचं ती जागा आधी हेरा आणि वाट तिथपर्यंतच आखा. ज्या जागेकडे एक-दोनच रस्ते येतात ती जागा उत्तम. सुताराला दिवस चढायच्या आत कामाला लावा. मोडके अडसर आणि मचाणं तो दुरुस्त करतो, पण त्याला वेळ लागतो.

मुखवट्यांची गंमत स्वतंत्र आहे. सुरुवातीला लाकूडतोड्या आणि तिरंदाज मिळतात. पुढे शत्रूला आपल्याकडे ओढून घेणारा सुमो पैलवान, शत्रूची चाल मंदावणारा तपस्वी, जखमा भरणारा शामन म्हणजे आपल्याकडचा देवऋषी, लपलेला ऐवज शोधणारा चोर आणि गोलंदाज (क्रिकेटमधला नव्हे, शिवकाळातला). नवीन मुखवटे बहुतेक मोठ्या राक्षसांना हरवल्यावर मिळतात. बोहाड्यात सोंग घेतलेला माणूस मुखवटा चढला की देव होतो, तसंच इथे कालचा शेतकरी क्षणात धनुर्धर होतो, आणि पुढच्या क्षणी तुम्ही त्याला पैलवान करू शकता. फक्त दर बदलाला स्फटिक मोजायचे.

गावकरी शहाणे नाहीत, हे धरूनच चाला. जिथे उभे केले तिथेच ते लढतात. पैलवान अरुंद वाटेच्या तोंडाशी, तिरंदाज मागे मचाणावर, शामन योशिरोजवळ, ही मांडणी बऱ्याच टप्प्यांत चालते. मात्र उडणारे शत्रू आले की कुऱ्हाडवाले बघत राहतात. तिरंदाज कमी ठेवले असतील तर सगळा भार सोहवर येतो. आदेश देताना खेळ थांबतो, त्यामुळे गोंधळ उडाला तरी शांतपणे माणसं हलवता येतात. बोटं वेगाने चालत नसतील अशांनाही म्हणून हा गेम झेपतो. सोह पडला तरी डाव संपत नाही, काही काळ आत्मारूपात राहून तो परततो. योशिरो गेली की मात्र सगळं संपलं.

टप्पा जिंकला की ते गाव तुमचं ठाणं होतं. तिथे गावकऱ्यांना डागडुजीला लावलं की काही टप्प्यांनंतर बक्षीस मिळतं. मुसुबी नावाचे बक्षिसाचे गुण खर्चून सोह आणि मुखवट्यांची ताकद वाढवता येते, आणि घातलेले मुसुबी परतही काढून घेता येतात. ही सवलत पुष्कळजण वापरत नाहीत. राक्षसाशी लढताना तिरंदाजांवर सगळं लावा, पुढच्या टप्प्यात काढून पैलवानावर. योशिरोला जपानी मिठाई खाऊ घालायची सोयही आहे; डावपेचांत तिचा उपयोग नाही, पण मिठाया इतक्या निगुतीने काढल्यात की हात थांबतो.

खोट कुठे? राक्षसांच्या टप्प्यांत दिवस-रात्रीचा ताण नसतो, सरळ मारामारी असते, आणि अरुंद जागेत कॅमेरा आड येतो. गोष्ट जवळजवळ मुक्यानेच, हावभावांतून सांगितली आहे. त्यामुळे शेवटापर्यंत योशिरो आणि सोह ही माणसं म्हणून फारशी उमगत नाहीत. गेम साधारण पंधरा ते वीस तासांत आटोपतो.

कुंचल्याच्या हातात सगळं

ओकामी मूळचा २००६चा, प्लेस्टेशन २वरचा. क्लोव्हर स्टुडिओने बनवला, दिग्दर्शक हिदेकी कामिया. सध्याची एचडी आवृत्ती २०१७च्या डिसेंबरमध्ये प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि पीसीवर आली, पुढच्या वर्षी स्विचवर. वीस वर्षं होत आली तरी चित्र जुनं वाटत नाही, कारण ते खऱ्यासारखं दिसायच्या मागे कधी लागलंच नाही. कागदावर शाईने काढल्यासारखं दिसतं.

बटण दाबलं की जग गोठतं, पडदा कागद होतो आणि तुम्ही कुंचल्याने रेघ मारता. आडवी रेघ म्हणजे वार. सुकलेल्या झाडाभोवती गोल काढला की मोहोर. आभाळात गोल म्हणजे सूर्य, चंद्रकोर काढली की रात्र. अशी तेरा कुंचलाविद्या हळूहळू मिळते. शाई मोजकी असते, आपोआप भरते, पण पूर्ण संपली तर अमातेरासु काही काळ साधी पांढरी लांडगीण होऊन बसते. लढाईत उगाच रेघोट्या मारणाऱ्याला हे हमखास भोवतं.

शस्त्रं तीन जातींची: आरसा, मणिमाळ आणि तलवार. जपानच्या सम्राटाची तीन राजचिन्हं हीच आहेत. आरसा जवळून मारायला बरा, माळ लांबून सटासट, तलवार सावकाश पण जबर. एक मुख्य, एक दुय्यम असं जोडून घ्यायचं.

गेम अवघड नाही. अन्न खाऊन भरलेली थैली जवळ असेल तर मेल्यावर आपोआप जीव परत येतो. अडकाल ते ब्लॉकहेडपाशी. हा दगडी ठोकळा वाट अडवून बसतो, अंगावरचे ठिपके क्षणभर दाखवतो आणि ते त्याच क्रमाने टिपायला लावतो. मोठ्या ब्लॉकहेडचे ठिपके जास्त असतात; पडद्यावर कागदाचे तुकडे चिकटवून किंवा फोनवर चित्रण करून घेऊन तो सोडवणं यात लाज नाही.

खरी अडचण सुरुवातीची आहे. प्रस्तावना लांबलचक चालते, आणि इस्सुन नावाचा बोटभर सोबती पुढेही तोंड मिटत नाही. संवाद खूप, सगळे इंग्रजी अक्षरांत, आणि आवाज म्हणजे नुसतं निरर्थक पुटपुटणं. कुनित्सु-गामीत शाळकरी मुलाला इंग्रजी न वाचताही खेळता येईल. ओकामीत शेजारी बसून गोष्ट सांगणारं मोठं माणूस लागेल.

ती सांगण्याजोगी आहेच. 'कोजिकी' या ७१२ सालच्या जपानी पुराणग्रंथात सुसानोओ हा देव आठ मुंड्यांच्या सर्पाला साके म्हणजे तांदळाची दारू पाजून झिंगवतो आणि मारतो. ओकामीचा पहिला मोठा भाग याच कथेवर उभा आहे, फक्त इथला सुसानो बढाईखोर आणि भित्रा आहे. त्या सर्पाशी, ओरोचीशी, गाठ साधारण दहा-बारा तासांनी पडते. गेम संपला असं वाटतं, आणि मग कळतं की निम्मंही झालेलं नाही. पुढे लोककथेतली, बांबूत सापडलेली कागुया, नऊ शेपट्यांची कोल्हीण, उत्तरेला आइनू या उत्तर जपानच्या आदिवासी लोकांवर बेतलेला बर्फाळ प्रदेश. एकूण तीस-चाळीस तास धरा. कुनित्सु-गामीत अशी ओळखीची एकेक कथा नाही. तिथे लोकपरंपरा येते ती विधींतून: देवापुढचं कागुरा नृत्य, मुखवटे, इच्छा लिहून टांगायच्या एमा पाट्या आणि 'केगारे' म्हणजे विटाळाची कल्पना. कॅपकॉमने त्याच्या प्रसिद्धीसाठी बुनराकु या पारंपरिक जपानी शैलीतला कठपुतळ्यांचा खेळही बसवला होता.

कशावर खेळणार?

ओकामी पीसीवर घेतला तर कुंचला माऊसने चालतो, आणि हीच त्याची सर्वांत सुखाची आवृत्ती. फक्त गती सेकंदाला तीस चौकटींवरच अडकलेली आहे. स्विच हातात धरून खेळलात तर बोटाने पडद्यावर रेघ काढता येते. कंट्रोलरच्या दांडीने गोल काढताना सुरुवातीला अंड्याचे आकार येतात, म्हणून सावकाश काढा आणि टोकं जुळवा. तिरका उघडा गोल गेम ओळखत नाही.

कुनित्सु-गामी प्लेस्टेशन ४ व ५, दोन्ही पिढ्यांचे एक्सबॉक्स आणि पीसी यांवर आहे, २०२५च्या जूनमध्ये स्विच २वरही आला. तिथे जॉय-कॉन, म्हणजे स्विचचा सुटा होणारा कंट्रोलर, माऊससारखा फिरवता येतो, वाट आखायला ते बरं पडतं. बाकी यंत्रांवर कंट्रोलरच घ्या. जुना लॅपटॉप असेल तर वादच नाही, ओकामी.

रोज रात्री पाऊण तास मिळतो आणि तेवढ्यात एक डाव तडीस जावा असं वाटत असेल, बुद्धिबळ किंवा टॉवर डिफेन्सची (मोर्चे बांधून हल्ले अडवायच्या खेळांची) खोड असेल, तर कुनित्सु-गामी. त्याचे टप्पे तुकड्यातुकड्याने खेळायला सोयीचे आहेत, आणि जिंकलेला टप्पा अटी पाळून पुन्हा खेळला की आणखी बक्षीस मिळतं. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत पडून राहायचं असेल, वाटेत ससे-कोंबड्यांना दाणापाणी घालत भटकायचं असेल, तर ओकामी. तुकड्यातुकड्याने तो खेळलात तर पंधरा दिवसांनी कुठल्या गावात कुणाला काय कबूल केलं होतं तेच आठवणार नाही.

दोन्ही घ्यायचे ठरले, तर ओकामी आधी. २०२४च्या ऑगस्टमध्ये कॅपकॉमने कुनित्सु-गामीत ओकामीच्या धर्तीचे पोशाख फुकट दिले. सोहच्या अंगावर अमातेरासुची लाल-पांढरी नक्षी पाहून गंमत वाटायची तर त्या लांडगिणीबरोबर आधी चाळीस तास काढलेले हवेत. एरवी तो नुसता कपडा आहे.