जेजे की सेप्ट?

आर्किटेक्चरला जायचं पक्कं झालं की अनेक मराठी घरांत हा प्रश्न येतोच: मुंबईचं सर जे. जे. की अहमदाबादचं सेप्ट? दोन्हीकडे बी.आर्क. पाच वर्षांचं आणि दोन्हीकडे 'नाटा' ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा चालते. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात.

जेजेत वास्तुकलेचा विभाग 1913 पासून आहे. सीएसएमटीहून पायी दहा मिनिटांत पोचता येतं आणि त्या दहा मिनिटांतच निम्मा अभ्यास होतो. स्टेशनचे घुमट, कोरीव दगडी प्राणी, क्रॉफर्ड मार्केटच्या कमानी. स्केचबुक मांडीवर घेऊन फुटपाथवर बसावं, रंगीत दगडांचे सांधे पाहत रेघ ओढावी. कमान वजन कसं पेलते ते बोटांना कळतं. शेजारीच चित्रकलेचं कॉलेज. फी सेप्टपेक्षा खूपच कमी, आणि साध्या घरातल्या मुलांसाठी ही गोष्ट फार मोठी आहे.

सेप्टची सुरुवात 1962 ची, वास्तुकार बाळकृष्ण दोशींच्या पुढाकाराने. आवार त्यांनीच रचलेलं: उघड्या विटा, काँक्रीट, स्टुडिओत उत्तरेचा शांत उजेड. तिथं इमारतच शिकवते. स्टुडिओ, म्हणजे डिझाइनचा प्रकल्प-वर्ग, निवडण्याची मोकळीक मोठी, कामाचा रेटाही तसाच. घरापासून दूर, खर्च जास्त.

माझं मन जेजेकडे झुकतं, कारण मुंबईसारखी प्रयोगशाळा दुसरी नाही. पण घरची ऐपत असेल आणि मूल स्वतःहून प्रश्न विचारत असेल, तर त्याला अहमदाबादला बिनधास्त पाठवा.