दमा आहे, पण वाजवायचंय: बासरी, सनई की क्लॅरिनेट?

दम्याचं निदान झालं की घरचे सगळ्यात आधी वाद्यावर घसरतात. "आता ते फुंकणं बंद कर!" सल्ला मायेपोटी असतो, पण बहुतेक वेळा घाईचाही असतो. दमा औषधांनी आटोक्यात असेल तर सहसा वाद्य सोडावं लागत नाही. कोणतं वाजवायचं आणि कसं, हे मात्र नव्याने ठरवावं लागतं. "फुंक किती लागते?" एवढ्या एका प्रश्नावर ते ठरत नाही, कारण फुंकीत दोन गोष्टी असतात: हवा किती खर्च होते आणि ती किती दाबाने सोडावी लागते.

बासरीत फुंकीला अडवणारं काहीच नाही. ओठांतून निघालेला झोत भोकाच्या काठावर आदळतो आणि बरीचशी हवा बाहेरच सांडते. दाब कमी, खर्च भरपूर. सनईत तीच हवा पत्तीच्या बारीक फटीतून रेटायची असते, त्यामुळे हवा थोडी लागते पण दाब खूप द्यावा लागतो. सनईवाला लांब तान संपवून ओठ सोडतो, तेव्हा छातीत शिळी हवा शिल्लकच असते. ती आधी बाहेर टाकायची, मगच नवा श्वास घ्यायचा.

दमा असलेल्याने इथे थांबून विचार करावा. दमा आणि सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार) या दोन्हींत खरी अडचण श्वास सोडताना येते. श्वासनळ्या आवळलेल्या असतात, जुनी हवा आत अडकते, छाती फुगलेलीच राहते. म्हणजे "सनईला हवा कमी लागते, तीच बरी" हा हिशोब या आजारांत चुकतो. बासरी निदान छाती रिकामी तरी करते. फिजिओथेरपिस्ट सीओपीडीच्या रुग्णाला ओठ आवळून सावकाश श्वास सोडायला शिकवतात, आणि बासरीवर ओठांची ठेवण काहीशी तशीच असते. बासरी हा उपचार आहे असा दावा मी करणार नाही. पण या दोन आजारांत निवड करायची झाली तर मी निःशंकपणे बासरीच्या बाजूने आहे.

मात्र कोणती बासरी, हेही बघा. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी लांब, खर्जाची बासरी मैफलीत आणली. तिच्या आवाजाची गोडी एकदा लागली की लहान बासरी हातात घ्यावीशी वाटत नाही, हे मला समजतं. पण रुंद पोकळीची ती बासरी खालच्या सप्तकात हवा अक्षरशः पिते. एक-दोन पट्ट्या वरची, आखूड बासरी घेतली तर त्याच श्वासात आलापीचं वाक्य पूर्ण होतं, बोटांना ताणही कमी पडतो. संधिवात असलेल्यांना तर हा बदल दुहेरी फायद्याचा. वाक्यं लहान करा, तानपुरा भरीव लावा, मागे शिष्य किंवा सोबती बसवा. मुख्य वादक श्वास घेत असताना मागच्याने सूर धरायचा, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे.

औषधाचा एक परिणाम फारसं कुणी सांगत नाही. श्वासनळ्या मोकळ्या करणारा सॅल्ब्युटॅमॉलचा पंप घेतला की काहींची बोटं थोडा वेळ थरथरतात. बासरीवर आणि सनईवर बोटं थेट भोकांवर असतात. मींड घेताना, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद सरकताना, बोट अर्धवट उचललं की ती थरथर सुरात ऐकू येते. क्लॅरिनेटवर काही भोकं किल्ल्यांखाली झाकली जातात, शिवाय आपल्या मींडकामाचा भार तिथे ओठांवरही असतो, म्हणून ती थोडी लपते. डॉक्टरांनी रियाजाआधी पंप सांगितला असेल तर पंधरा-वीस मिनिटं आधी घ्या आणि सुरुवात स्थिर सुरांनी करा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायला विसरू नका. तोंडात बुरशी धरली तर कोणतंच वाद्य ओठाला लावता येणार नाही.

काचबिंदू असेल तर सनईबाबत जास्तच जपावं लागतं. ओबो आणि ट्रम्पेटसारखी दाबाची वाद्यं वाजवताना डोळ्यातला दाब वाढतो, हे मोजून पाहिलेलं आहे. सनई त्याच जातीची. क्लॅरिनेट आणि बासरी त्या मानाने सौम्य. मधुमेहाने दृष्टिपटल बिघडलं असेल, तर आधी नेत्रतज्ज्ञांची परवानगी घ्या. सोलापूरच्या जाधव घराण्याने नावारूपाला आणलेली सुंदरी हे सनईसारखंच वाद्य आकाराने लहान आहे, पण लहान म्हणून दाब कमी असं समजू नका.

वाद्य कुठे वाजतं, यानेही निर्णय फिरतो. सनईवाल्याला लग्नात होमाच्या धुरात बसावं लागतं, मुहूर्त टळेपर्यंत उठता येत नाही. बँडमधला क्लॅरिनेटवाला वरातीत फटाके आणि जनरेटरचा धूर खात चालत असतो. घरी वाजवणाऱ्या हौशी माणसाची यातून सुटका आहे. पोटासाठी वाजवणाऱ्याने निदान धुराची बाजू सोडून बसायची अट सुपारी घेतानाच घालावी.

स्वच्छतेत हयगय नको. इंग्लंडमध्ये एका बॅगपाइप वादकाच्या फुफ्फुसाचा आजार वाद्यातल्या बुरशीशी जोडला गेला होता. ऑस्ट्रेलियाच्या मुक्कामात पाइप सोबत नव्हते, तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. शेवटी तो त्याच आजाराने गेला. २०१६ साली डॉक्टरांनी हे प्रसिद्ध केलं. क्लॅरिनेटची नळी प्रत्येक वेळी पुसून कोरडी करा, रीड (पत्ती) बदलत राहा. बासरी कापडाने आतून पुसा आणि लगेच पिशवीत कोंबू नका.

निर्णय घेण्याआधी पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोरात सोडता येतो ते मोजणारं छोटं उपकरण, घ्या. प्रकृती चांगली असतानाचा तुमचा सर्वोत्तम आकडा लिहून ठेवा, मग रियाजाआधी आणि नंतर फुंकून बघा. आकडा सर्वोत्तमाच्या ८० टक्क्यांच्या वर राहिला तर तो रियाज तुम्हाला झेपतोय. त्याखाली गेला तर त्या दिवशी वाद्य ठेवा, आणि ५० च्या खाली गेला तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं तातडीचं औषध घेऊन लगेच दवाखाना गाठा. छातीच्या डॉक्टरांकडे जाताना ही वही आणि वाद्य, दोन्ही घेऊन जा. दोन मिनिटं त्यांच्यासमोर वाजवून दाखवा, म्हणजे "फुंकणं" म्हणजे नक्की काय ते त्यांनाही दिसेल.