मैदानातला चिखल की स्टँडमधली खुर्ची?

ऑक्टोबरातल्या एका संगीत महोत्सवात, ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या आतल्या एका मैदानावर, आमच्या चौघांपैकी एकाची सँडल चिखलात राहिली. पाय वर आला, सँडल आलीच नाही. हात घालून चाचपून काढली तर पट्टा तुटलेला. पुढचे दोन तास त्याने एका पायात सँडल आणि दुसऱ्या पायाला भेळवाल्याकडची प्लास्टिकची पिशवी बांधून काढले. त्या रात्री कोण काय गायलं ते आम्हाला नीट सांगता येणार नाही, पिशवीचा फोटो मात्र दर दोन महिन्यांनी ग्रुपवर येतोच.

तेव्हापासून तिकीट काढताना आमच्यात एकच वाद असतो: मैदानात उभं राहायचं, की स्टेडियममध्ये वरच्या खुर्चीत बसायचं? तुमचंही अडलं असेल तर आधी तारीख बघा. मुंबई-ठाण्यातून मान्सून परतायची सर्वसाधारण तारीख आहे 8 ऑक्टोबर. हस्ताचा पाऊस कधी धो-धो कोसळेल सांगता येत नाही. त्यामुळे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा कार्यक्रम असेल तर चिखल धरूनच चाला. डिसेंबर-जानेवारीत हा प्रश्न सहसा येतच नाही. नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये 2025 च्या जानेवारीत कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे तीन कार्यक्रम झाले, तेव्हा लोकांची चर्चा तिकिटं आणि लोकलची होती, गमबुटांची नाही.

चिखल होतो कसा, हे एकदा पायाखाली बघण्यासारखं आहे. आपल्याकडची बरीच मैदानं भरावाची, वर मुरुमाचा थर. पहिली सर आली की मुरूम पाणी पिऊन घेतो आणि अर्धा तास सगळं झकास वाटतं. मग हजारो पाय त्याच जागी नाचतात, थर फाटतो आणि खालचा चिकट गाळ वर येतो. स्टेजसमोरची जागा आणि खाण्याच्या स्टॉलकडे जाणारी वाट सगळ्यात आधी जाते. शेवटपर्यंत बरी राहते ती साउंड कन्सोलच्या, म्हणजे आवाज जुळवायच्या टेबलाच्या, आसपासची जागा. तिथे केबलसाठी फळ्या टाकलेल्या असतात, आणि मिक्सिंग करणारा तिथेच बसून ऐकत असल्यामुळे आवाजही तिथेच सगळ्यात नीट लागतो. चुकामूक झाली तर भेटायची जागाही तीच ठरवा, कारण एवढ्या गर्दीत फोन लागत नाही.

गमबुटांचं म्हणाल तर ते इंग्लंडला शोभतात. तिथल्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवाचा 1997 सालचा चिखल प्रसिद्ध आहे, पण तिथला जून आणि आपला ऑक्टोबर यांत फरक आहे. इथे तासाभरात बुटाच्या आत वरण शिजतं. मागे पट्टा असलेली पावसाळी सँडल किंवा घट्ट लेसचे जुने बूट बरे. चप्पल नको, आणि कोल्हापुरी घालून आलेल्या मित्राला गेटवरूनच परत पाठवा. पायाला जखम असेल तर मात्र मैदान विसरा. साचलेल्या पाण्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू असू शकतात, त्यात हौस नको.

आता खुर्ची. डी. वाय. पाटीलच्या छताला मधे खांब नाहीत, त्यामुळे समोरचं दिसतं. वारा असेल तर खालच्या रांगांना शिंतोडे बसतात, तेवढंच. स्वच्छतागृह जवळ, पाठीला टेकायला जागा, आईला किंवा ताईला घेऊन जायचं तर दुसरा विचारच करू नका. खोट एकच: गायक करंगळीएवढा दिसतो आणि तुम्ही तीन तास स्क्रीनच बघत राहता. घरी टीव्हीसमोर पाय पसरून हेच फुकटात झालं असतं, असं आमच्यातला एक जण दरवेळी म्हणतो. आणि चौघांची तिकिटं एका रांगेत मिळाली नाहीत तर ‘मित्रांबरोबर गेलो होतो’ हे नुसतं म्हणण्यापुरतं.

परतीचा हिशेब दोन्हीकडे जवळपास सारखाच. उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावे लागतात. वर्षातल्या मोजक्या, जास्तीत जास्त 15 दिवसांना सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. म्हणजे एरवी दहाच्या सुमारास सगळी गर्दी एकदम रस्त्यावर. नेरूळहून ठाण्याला ट्रान्स-हार्बर मार्गाची थेट लोकल आहे, शेवटची किती वाजता ते एम-इंडिकेटर अ‍ॅपवर आधीच बघून ठेवा. घोडबंदरला लोकलचं स्टेशनच नाही, तिथे रिक्षावर भिस्त, आणि गुडघ्यापर्यंत चिखल असेल तर रिक्षाही रुसते. आमच्यासमोर एक थांबली, चालकाने चेहऱ्याकडे न बघता आधी पायांकडे बघितलं आणि निघून गेला. चूक त्याची म्हणवत नाही. पिशवीत जुना टॉवेल आणि स्लिपरचा एक जोड असता तर बसवलं असतं त्याने.

माझं मत विचाराल तर चौघेही तीन तास उभे राहू शकणारे असतील आणि दुसऱ्या दिवशी रविवार असेल तर मैदान. एकाचाही गुडघा कुरकुरत असेल, किंवा सकाळी साडेआठला ऑफिस असेल, तर खुर्ची. मैदानात निम्मी मजा एकमेकांना चिखलातून ओढून काढण्याची असते. एक जण कंटाळून कडेला उभा राहिला की बाकीच्यांचंही लक्ष लागत नाही.

यंदा आम्ही तोडगा काढलाय. सँडलवाल्याने गपचूप स्टँडचं तिकीट काढलं आहे, आम्ही तिघे खाली. आमचे मोबाईल आणि स्लिपर त्याच्याकडे राहणार आहेत. बदल्यात भेळ त्याला वर नेऊन द्यायची, पिशवीसकट.