बेळगावात बसून वर्षभर अमेरिकन उजवा रेडिओ ऐकला, त्याचा रिव्ह्यू

पहिलंच सांगते, अ‍ॅपचं नाव लिहिणार नाही. रिफंडचं भांडण अजून चालू आहे आणि उद्या कुणी म्हणायला नको की बाईनं बदनामी केली. तसं नावाला महत्त्व पण नाही, असली अ‍ॅप बरीच आहेत आणि आत माल तोच, अमेरिकेतल्या कंझर्व्हेटिव्ह लोकांचे रेडिओ शो, पॉडकास्ट, रविवारची चर्चमधली प्रवचनं आणि वर तोंडी लावायला थोडा इतिहास. महिन्याला आपल्या पैशात हजाराच्या आसपास, म्हणजे दर महिन्याला दीड-दोन किलो कुंदा गेला असं धरा.

हे माझ्या गळ्यात पडलं लेकीमुळं. ती डॅलसच्या बाजूला असते, जावई गाडी चालवताना हेच लावतो, मी तिकडं तीन महिने होते तेव्हा कानावर पडत होतंच, परत आल्यावर तिनं वाढदिवसाला वर्षाचं सबस्क्रिप्शन टाकलं आणि फोनवर म्हणाली, "आई, ऐक की, तुला आवडंल, ही माणसं डिट्टो तुझ्यासारखी बोलत्यात." आता हे कौतुक होतं की टोमणा ते मला अजून कळलेलं नाही. मी बेळगावातल्या शहापूरची, ३१ वर्षं मराठी शाळेत शिकवलं, त्यातली वीसेक वर्षं सकाळची प्रार्थना, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा सगळं माझ्याकडं. देव मानते, झेंडा मानते, पोरांनी मोठ्यांना नमस्कार करावा असं मानते. त्यामुळं गिऱ्हाईक म्हणून मी त्यांच्या अगदी मापाची.

आधी ऐकण्याची सोय कशी ते सांगते. लाइव्ह शो तिकडच्या पूर्व किनाऱ्याच्या दुपारी १२ ला सुरू होतो, म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, जेवण आटपून झाकपाक करता करता ऐकायला बरोबर वेळ. पण नोव्हेंबर आला आणि एक दिवस साडेनऊला काहीच नाही, नुसती गाणी. मी आठवडाभर अ‍ॅप बिघडलं म्हणून काढून परत घातलं, फोन बंद-चालू केला, शेवटी नातीनं सांगितलं की आजी इथं सगळ्यांनी घड्याळ एक तास मागं केलंय. मग मार्चपर्यंत साडेदहा. अ‍ॅपमध्ये वेळ बेळगावची दाखवत नाही, हा मोठा मायनस. दुसरं, दक्षिणेकडच्या माणसांचं इंग्रजी पहिल्यांदा डोक्यावरून जातं, म्हणून मी स्पीड पाऊणपट केला तर तो होस्ट घोट घेऊन बसल्यासारखा बोलायला लागला. आमचे हे आतून ओरडले, "काय गं हा माणूस असा काय बोलालाय, कुणी पाजलं त्याला?" नेहमीच्या स्पीडला आणलं तर म्हणाले, "आता भांडालाय, कुणाचं काय बुडालं?" हा रिव्ह्यू तसा एवढ्यातच संपला असता, पण थोडं सविस्तर लिहिते.

कारण हा जो आवाज आहे ना, तापलेला, तीन तास न थांबणारा, त्याच्यामागं कायद्याची गोष्ट आहे आणि अ‍ॅपवरच्या इतिहासाच्या मालिकेत ती छान सांगितली आहे. अमेरिकेत १९४९ पासून नियम होता की रेडिओ-टीव्हीवर वादाचा विषय घेतला तर दुसऱ्या बाजूला पण जागा द्यायची. १९८७ मध्ये रेगन अध्यक्ष असताना तो नियम काढला आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये रश लिम्बॉचा शो देशभर सुरू झाला. रोज दुपारी तीन तास, एकटा माणूस, एक माइक आणि फोन करणारे लोक. २०२१ मध्ये तो वारला, त्याच्या आदल्या वर्षी ट्रम्पनं त्याला तिकडचं सगळ्यात मोठं नागरी पदक दिलं होतं. आज जे ऐकतोय ते सगळे त्याच भट्टीतून निघालेले. मला हे ऐकून गंमत वाटली, कारण आम्ही आकाशवाणी सांगली आणि धारवाड ऐकत मोठे झालो, बातम्या सांगणाऱ्याचा आवाज एक सूतसुद्धा वर-खाली होत नव्हता, आणि आपल्याकडं खाजगी एफएमला आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच लावाव्या लागतात. त्यामुळं रेडिओवर माणूस सरकारला एवढं धुतो हे पहिले आठ दिवस मला खरं वाटेना. हे पाहिजे बाबा, असंच वाटलं.

जाहिरातींचं काय सांगू. पैसे भरून पण जाहिराती आहेत, कारण होस्ट स्वतःच बोलता बोलता वाचून दाखवतो. देश बुडाला, डॉलर बुडाला, तरुण पिढी बुडाली असं अर्धा तास सांगायचं आणि मग तोच आवाज म्हणतो सोनं घ्या, नाहीतर पंचवीस वर्षं टिकणाऱ्या जेवणाच्या बादल्या घरात भरून ठेवा. आपला सराफ निदान चहा तरी पाजतो, घाबरवत नाही. हे एकदा लक्षात आलं की मग ऐकण्यातला अर्धा राग निघून जातो, भीती कुठं चढते आणि जाहिरात कुठं येते ते घड्याळ लावून सांगता येतं.

आवडलं काय, ते झेंड्यावरचं. मी सकाळी किल्ला तलावाला फिरायला जाते, तिथं तो ११० मीटरचा ध्वजस्तंभ आहे, २०१८ मध्ये उभारला तेव्हा देशात सगळ्यात उंच म्हणून सगळं गाव बघायला गेलं होतं. कानात अमेरिकन माणूस त्यांच्या झेंड्याबद्दल बोलतोय आणि डोक्यावर आपला, असं ऐकायला काही वेगळंच वाटतं. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डेचा, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीच्या दिवसाचा एपिसोड होता, त्यात एक कॉलर बाई आपल्या युद्धात गेलेल्या भावाबद्दल बोलत होती, आणि त्या दिवशी होस्टनं एकदाही कुणाला शिवी दिली नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरच्या गावात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला लागत नाही, आमच्या गल्लीत दोन घरं सोडून तिसऱ्या घरात फोटोला हार आहे. तसंच सप्टेंबर २०२५ मध्ये चार्ली कर्क ह्या तरुण कंझर्व्हेटिव्ह कार्यकर्त्याला युटातल्या कॉलेजात गोळी घातली त्या रात्री, ओरडणारे लोक एकदम गप्प झाले, कॉलर रडत होते, कुणी प्रार्थना म्हणत होतं. त्याची सगळी मतं मला पटत होती असं नाही, पण त्या रात्री मी पण देवाजवळ दिवा लावून बसले. दोन दिवसांनी परत बदला, शत्रू, युद्ध सुरू.

झेंडा जाळण्याच्या विषयावर मात्र एक मजेदार गोष्ट कळली. १९८४ मध्ये डॅलसलाच रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी एका माणसानं झेंडा जाळला, केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १९८९ मध्ये ५ विरुद्ध ४ नं कोर्ट म्हणालं, वाईट वाटलं तरी तो निषेध आहे, शिक्षा देता येणार नाही. आणि त्या पाचांत कंझर्व्हेटिव्ह न्यायाधीश स्कॅलिया होते, ज्यांचं नाव हेच होस्ट दर दुसऱ्या दिवशी देवासारखं घेतात! ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्पनं झेंडा जाळणाऱ्यांवर कारवाईचा आदेश काढला तेव्हा मी वाट बघत होते की आता तरी कुणी स्कॅलियाचं सांगेल. एकानं सांगितलं, बाकीच्यांनी विषय बदलला. आपल्याकडं १९७१ च्या कायद्यानं तीन वर्षं आत जाऊ शकता, आणि मला ते बरोबरच वाटतं, पण एवढा कडवा माणूस असून स्कॅलियानं स्वतःला न आवडणारा निकाल दिला ह्याचं मला कौतुक वाटलं. असले होस्ट कमी आहेत.

आता येते खऱ्या विषयावर, शाळा आणि देव. ह्या शोमध्ये सगळ्या पडझडीची तारीख ठरलेली आहे, १९६२. त्या वर्षी कोर्टानं न्यूयॉर्कच्या शाळांतली प्रार्थना बंद केली. मी ती प्रार्थना शोधून वाचली, इंग्रजीत सगळी मिळून २२ शब्द, देवा आम्ही तुझ्यावर अवलंबून आहोत, आईवडील, शिक्षक आणि देशाचं भलं कर, एवढीच. मास्तरीण म्हणून माझं पहिलं मत, ह्यात वाईट काय आहे? आम्ही रोज ह्याच्या तिप्पट म्हणत होतो. होस्ट म्हणतो प्रार्थना गेली आणि शिस्त गेली, तेव्हा मी मान हलवते, कारण प्रार्थनेच्या रांगेत पोरगं जे दहा मिनिटं सरळ उभं राहतं ते पुढचे सहा तास उपयोगी पडतं, हे मी डोळ्यानं बघितलंय.

पण मग टेक्सासचं आलं. २०२५ मध्ये त्यांनी कायदा केला की सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात बायबलच्या दहा आज्ञा लावायच्या, म्हणजे आमच्या नातीच्या वर्गात पण. मामला कोर्टात गेला. होस्टांची बाजू सरळ आहे, हा धर्मप्रचार नाही, आमच्या कायद्याचा पाया आहे, इतिहास म्हणून लावतोय, आणि १९८० मध्ये केंटकीचा असाच कायदा कोर्टानं मोडला असला तरी २०२२ मध्ये मैदानावर प्रार्थना करणाऱ्या शाळेच्या फुटबॉल कोचला कोर्टानं न्याय दिला, म्हणजे वारं बदललंय. ठीक आहे, ऐकून घेतलं. पण हाच माणूस वीस मिनिटं आधी सांगत होता की सरकारनं माझ्या पोराच्या डोक्यात काही घालू नये, सरकार जितकं लहान तितकं बरं! मी कॅम्पातल्या माझ्या जुन्या सहकारी बाईंना विचारलं, त्या कॅथलिक, त्या हसल्याच, म्हणाल्या, "टीचर, आधी विचारा की कुठल्या दहा? आमची मोजणी वेगळी, प्रोटेस्टंटांची वेगळी." वर्षभरात एका होस्टनं हे सांगितलं नव्हतं. भिंतीवर लावताना कुणाची तरी मोजणी घ्यावी लागणारच की.

आणि इथं मी बेळगावची आहे हे मध्ये येतं, त्याला इलाज नाही. नातीच्या शाळेत रोज दोन प्रतिज्ञा होतात, एक देशाच्या झेंड्याची, एक टेक्सासच्या झेंड्याची, त्यानंतर एक मिनिट शांतता. देशाच्या प्रतिज्ञेत देवाचं नाव १९५४ मध्ये घातलं, टेक्सासच्या प्रतिज्ञेत तर २००७ मध्ये. होस्ट असं बोलतो जसं पहिल्या दिवसापासून होतं. लेकीला दोन प्रतिज्ञांचं आश्चर्य वाटलं होतं, मला नाही, कारण आमच्या मराठी शाळेत पण राष्ट्रगीत वेगळं आणि २००४ पासून कर्नाटकाचं नाडगीत, म्हणजे राज्यगीत वेगळं. मी स्वतः पोरांना पाठ करून घेतलंय, कन्नड उच्चार चुकू नयेत म्हणून फळ्यावर देवनागरीत लिहून. गीत चांगलं आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण ते म्हणायला लावणारा आणि म्हणणारा ह्यांना ते एकसारखं ऐकू येत नाही, एवढं मला माहिती आहे. १ नोव्हेंबरला, कर्नाटक स्थापनेच्या दिवशी, गावात एकीकडं लाल-पिवळ्या झेंड्याची मिरवणूक आणि दुसरीकडं आमच्या लोकांचा काळा दिवस, १९५६ पासून हेच. राज्याच्या हद्दीवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून कोल्हापूरकडं गेलं की मी बहुसंख्य, माझी भाषा म्हणजे संस्कार. परत अलीकडं आलं की तीच भाषा म्हणजे अडचण, पाटीवर ६० टक्के कन्नड बघून मग उरलेल्या जागेत मराठी. त्यामुळं होस्ट जेव्हा म्हणतो की आमची मूल्यं सगळ्यांची मूल्यं आहेत, तेव्हा मला त्याला फोन लावून विचारावंसं वाटतं, बाबा तू कधी नाक्याच्या अलीकडं राहिलायस काय?

एकदा खरंच फोन लावला. ४० मिनिटं होल्डवर ठेवलं, आंतरराष्ट्रीय दरानं. नाही लागला.

एक एपिसोड मात्र सगळ्यांनी ऐकावा असा. १९४३ चा खटला, वेस्ट व्हर्जिनियातली यहोवाज विटनेस ह्या ख्रिस्ती पंथाची पोरं झेंड्याला सलाम करत नव्हती, शाळेनं काढलं, आणि युद्ध चालू असताना, बरोब्बर १४ जूनला म्हणजे त्यांच्या फ्लॅग डेच्या दिवशी, कोर्टानं सांगितलं की सलाम जबरदस्तीनं करवून घेता येणार नाही. हे सांगणारा होस्ट पक्का कंझर्व्हेटिव्ह, म्हातारा, आवाज खाली ठेवून बोलणारा, म्हणाला माझा देश मला ह्यासाठी आवडतो. मी तिथल्या तिथं उठून बसले, कारण केरळातल्या तीन पोरांची अशीच केस आपल्याकडं झाली होती, त्याच पंथाची, राष्ट्रगीताला उभी राहायची पण गायची नाहीत, १९८६ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानं त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. त्या वेळी आमच्या स्टाफरूममध्ये मी त्या निकालाच्या विरोधात जोरात बोलले होते, तेव्हा मी नवीन होते आणि आवाज मोठा होता. नंतर माझ्याच वर्गात एक पोरगा आला जो "जोडोनिया कर" म्हणताना हात जोडायचा नाही, बाजूला सरळ सोडून उभा राहायचा, तोंडानं मात्र सगळ्यांत स्वच्छ म्हणायचा. पहिला आठवडा मी डोळे वटारले. मग सोडून दिलं.

स्टार द्यायचे तर त्या म्हाताऱ्याच्या इतिहासाच्या शोला साडेचार, रविवारच्या प्रवचनांना चार, कारण आईबापाची सेवा, व्यसन, कर्ज काढून चैन करू नये असलं सगळं आपल्या कीर्तनासारखंच आहे, फक्त अभंगाच्या जागी बायबल आणि टाळाच्या जागी पियानो. रोजच्या तीन तासांच्या शोला दोन, तेही मेमोरियल डेमुळं. ह्यांचं म्हणणं विचारलं तर शून्य, पण ते क्रिकेट सोडून सगळ्यालाच शून्य देतात.

सर्व्हिसला अर्धा. वर्ष संपायच्या आधी मी बंद करायला गेले तर बंद करायचं बटण फक्त वेबसाइटवर, तिथं ओटीपी लेकीच्या फोनवर, तेव्हा तिकडं रात्रीचे तीन. ती उठेपर्यंत पुढच्या वर्षाचे पैसे कापले गेले. तीन मेल केले. पहिल्या दोनांना उत्तर नाही, तिसऱ्याला आलं, त्यात लिहिलंय की तुमची विनंती संबंधित विभागाकडं पाठवली आहे, आमच्या देशभक्त कुटुंबात राहिल्याबद्दल आभार, गॉड ब्लेस यू अँड गॉड ब्लेस अमेरिका. त्याला पाच आठवडे झाले, पैसे आले नाहीत, आशीर्वाद दोन्ही देशांना पोचले.